थोडं थांबा, संपत आलं

ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचायची असती तर मी रात्र घेतली असती. वादळ घेतलं असतं, एखादं ओसाड घर घेतलं असतं. हे भर दुपारी घडलं. वीस फेब्रुवारी १९९८, शुक्रवार. बिश्केकमध्ये, आमच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर. बाहेर स्वच्छ ऊन होतं. बर्फावरून ते इतकं लख्ख उलटत होतं की मी खिडकीचा पडदा अर्धा ओढून घेतला होता.

मी आज बहात्तर वर्षांची आहे. चौतीस वर्षं प्रोग्राम लिहिले. प्रोग्राम लिहिणाऱ्याला भुतंखेतं परवडत नाहीत. काही विचित्र दिसलं की तो म्हणतो, कुठेतरी चूक आहे. आणि ती सापडेपर्यंत शोधत बसतो.

ही चूक मी सत्तावीस वर्षं शोधते आहे.

तेव्हा आमचा देश नवा होता आणि बाकी सगळं जुनं होतं. ऑफिसातले खोली तापवणारे गरम पाण्याचे नळ कोमट असत, आम्ही कोट घालून बसत असू. कीबोर्डसाठी हातमोज्यांची बोटं कापून टाकलेली. माझ्या डाव्या मोज्याची करंगळी तर उभी चिरावी लागली होती. लहानपणी घोड्याच्या दोरात अडकून माझी ती करंगळी मोडली आणि कोयत्यासारखी वाकडीच जुळली. वाकड्या करंगळीनं लिहिलेला प्रोग्राम सरळ चालायचा नाही, असं आमचे साहेब म्हणत.

साहेब म्हणजे शार्शेन बाइके. बाइके म्हणजे दादा. आमच्याकडे साहेबालाही दादाच म्हणतात.

काम असं होतं. डोंगरातल्या दवाखान्यांतून एक्स-रे टेलिफोनच्या तारेवरून शहरातल्या सर्जनकडे पोचवायचे. तार चांगली असली तर एका चित्राला एक तास पाच मिनिटं लागत. वाईट असली तर देवालाच ठाऊक. चित्र तोडायचं कसं, पाठवायचं कसं, पुन्हा जोडायचं कसं, ते दुसरे लोक करत होते. त्या तासाभरात समोर बसलेल्या माणसाला स्क्रीनवर काय दिसावं, एवढंच माझ्याकडे होतं.

"बाकीचे चित्र पाठवतील, बुरुल," शार्शेन बाइके म्हणाले होते. "तू फक्त माणसाला बसवून ठेव."

मी बसवून ठेवलं.

पहिला दवाखाना खिंडीपलीकडच्या काराजार गावाचा. सगळं बसवून द्यायला मी शरद ऋतूत आठवडाभर तिथे राहिले. एक्स-रे काढायचं काम बात्मा करायची. एकतीस वर्षांची, दोन मुलांची आई, बोलायला फटकळ. डाव्या हातात रुंद चांदीची अंगठी. स्क्रीनवरचा आकडा थांबला की ती अंगठीनं काचेवर टिचकी मारायची.

टक. टक.

"हे काय करतेस?"

"हलतोय का बघते, एजे. आमचे सासरे थांबलेल्या घड्याळाला असंच करतात." एजे म्हणजे ताई.

"आणि घड्याळ चालू होतं?"

"घड्याळ नाही होत. सासऱ्यांना बरं वाटतं."

तेव्हा मी नुसता आकडा दाखवत होते. किती टक्के गेलं ते. पण तार खराब असली की एकच तुकडा दहादा पाठवावा लागे. मग बारा टक्के... चार मिनिटं बाराच... मग एकदम सोळा. मी शहरात परतल्यावर महिन्याभरात बात्मानं तीनदा मोडेमची तार उपटली. तिन्ही वेळा चित्र नीट चाललं होतं. तिन्ही वेळा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, कारण आमच्या प्रोग्रामला मधून सुरू करता येत नसे.

मी फोनवर चिडले.

"अगं, हात आवर जरा. चाललेलं होतं ते."

"मला कसं कळणार, एजे? तुमचा आकडा मेल्यासारखा पडून राहतो. आमच्याकडे मेंढरू इतका वेळ पडून राहिलं तर आम्ही सुरी काढतो."

"बरं. मी त्याला हलतं करते. पण एक ध्यानात ठेव. हलतंय तोवर रिसीव्हर उचलायचा नाही. फोन आणि चित्र एकाच तारेवर आहेत. तू रिसीव्हर उचललास की चित्र मेलं."

"हलतंय तोवर उचलायचा नाही. बरं."

मी आकडा काढून टाकला. पट्टी केली. डावीकडून उजवीकडे भरत जाणारी हिरवी पट्टी. खरोखर काय पोचलं ते कळायला उशीर लागायचा, म्हणून मधल्या वेळात पट्टी अंदाजानं सरकायची. एरवीच्या वेगानं, हळूहळू, न थांबता. शेवट जवळ आला की आणखी हळू. शेवटचा तुकडा येईपर्यंत ती पूर्ण भरत नसे, पण हलायची थांबतही नसे. दोन्हीकडे सारखीच. तिच्याकडे काराजारला, माझ्याकडे बिश्केकला.

पट्टीखाली बाकी वेळ मिनिटांत येत असे. तोही उड्या मारायचा, सातचे वीस व्हायचे, लोक घाबरायचे. म्हणून शेवटच्या टप्प्यात मी मिनिटं काढली आणि एक वाक्य ठेवलं.

थोडं थांबा, संपत आलं.

बात्मा खूश झाली. "आता कसं जिवंत वाटतं, एजे," ती म्हणाली. "समोर कुणीतरी बसून धीर देतंय असं."

शार्शेन बाइकेंनी सगळ्यांना बोलावून ती पट्टी दाखवली.

आणि मला माहीत होतं. तार तुटली तरी पट्टी हलत राहील, हे मला लिहितानाच माहीत होतं. पण मी त्याला खोटं म्हणत नव्हते. मी त्याला गुळगुळीत म्हणत होते.

बारा जानेवारी, सोमवार.

काराजारची बेगिमाय नावाची सहा वर्षांची मुलगी बर्फाच्या घसरगाडीवरून दगडावर आदळली. तिला श्वास घेता येईना. तिथेच ठेवायचं की खिंड ओलांडून शहरात आणायचं, हे तिथल्या डॉक्टरांना ठरवता येईना. हलवण्यात धोका होता, न हलवण्यातही होता. बात्मानं एक्स-रे काढला आणि अकराच्या ठोक्याला पाठवायला लावला. सर्जन डॉक्टर ओमुराली माझ्या शेजारी येऊन बसले. बारा वाजून पाच मिनिटांनी चित्र येणार, ते दोन मिनिटांत सांगणार, आणि न्यायचं ठरलं तर अॅम्ब्युलन्स सव्वाबाराला निघणार.

सव्वाबारा महत्त्वाचं होतं. दुपारी एकनंतर शहाणा माणूस त्या खिंडीत शिरत नाही. ऊन त्या उतारावर चढतं आणि बर्फ सुटतं.

अकरा चाळीसला खिंडीतला एक खांब बर्फाच्या ओझ्यानं आडवा झाला. तार तुटली.

पट्टी हलत राहिली.

माझ्याकडेही. मी तिच्याकडे पाहत चहा प्याले. डॉक्टर ओमुराली दोनदा वॉर्डात जाऊन आले. "किती?" त्यांनी विचारलं.

"संपत आलं," मी म्हणाले.

डोंगरापलीकडे तेच चाललं होतं. तिथल्या डॉक्टरांनी नंतर जबाबात सांगितलं. ते दर दहा मिनिटांनी येऊन विचारत, "किती?" आणि बात्मा सांगे, "संपत आलं." बारा वाजून गेले. साडेबारा झाले. बात्मा काचेवर टिचकी मारी, बघे, पट्टी हललेली असे. रिसीव्हर हाताशी होता. तो उचलून कानाला लावला असता तर तार मेली आहे हे एका क्षणात कळलं असतं.

पण हलतंय तोवर उचलायचा नाही, असं बुरुलएजेनं सांगितलं होतं.

एक पंचवीसला मुलीचे ओठ निळे पडले. मग डॉक्टर थांबले नाहीत, गाडी काढली. अॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हर, मुलगी आणि तिला सांभाळायला बात्मा. मुलीची आई जिपार हिच्या कडेवर तान्हं होतं, ती मागे राहिली.

दोन वाजून दहा मिनिटांनी खिंडीत बर्फाची दरड आली. अॅम्ब्युलन्स तिच्याखाली गेली.

साधारण त्याच वेळी मी पट्टी बाजूला सारून खरी फाइल उघडून पाहिली. तोवर का नाही पाहिली, ते मला विचारू नका. एकसष्ट टक्के. शेवटचा तुकडा अकरा चाळीसचा.

मी रिसीव्हर उचलला. आत काहीच नव्हतं.

चौकशी झाली. शार्शेन बाइके समितीबरोबर दुसऱ्या वाटेनं चार दिवसांचा प्रवास करून काराजारला जाऊन आले. परत आले ते पाठीत वाकून.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं की बात्मानं वाट पाहण्यात वेळ घालवला. कागद पुढच्या महिन्याच्या शेवटी पक्का होईल."

"तिनं पट्टीवर विश्वास ठेवला, बाइके. पट्टी माझी होती."

"समितीला पट्टी म्हणजे काय ते कळत नाही. बाईनं उशीर केला, एवढं कळतं."

"मग मी समजावते."

त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"मेलेल्या माणसाला कुणी नोकरीवरून काढत नाही, बुरुल. तुला काढतील. मला काढतील. आणि हे सगळं काम बंद पडेल. नऊ दवाखाने वाट बघतायत."

"तिथे लोक काय म्हणतात?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जिपार बात्माच्या दारात जाऊन ओरडून आली. खुर्चीत बसून माझी मुलगी मारली म्हणाली. बात्माची मुलं दारातच उभी होती. मोठ्याला शाळेत पोरं तेच म्हणतात."

मी गप्प बसले.

एकोणचाळीस दिवस गप्प बसले.

नऊ दवाखान्यांसाठी फ्लॉप्या तयार झाल्या. तोच प्रोग्राम, तीच पट्टी. वीस फेब्रुवारीला दुपारी चार वाजता ड्रायव्हर खोकं घेऊन निघणार होता. तो दिवस बात्माच्या मृत्यूचा चाळिसावा होता. चाळिसाव्याला आमच्याकडे घरोघर तेल तापवून बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळतात. मेलेल्यांना तळणाचा वास पोचतो म्हणतात. मी कधी मानलं नव्हतं. आमच्या पिढीला तसं शिकवलंच नव्हतं.

साडेअकराला सगळे खाली जेवायला गेले. मला भूक नव्हती. खोक्यावर दवाखान्यांची नावं लिहीत बसले होते.

माझ्या उजव्या हाताला काराजारसाठीचा कॉम्प्युटर होता. चालू होता, पण त्याचा मोडेम आम्ही काढून दुसऱ्या खोलीत नेला होता. मागे नुसती वायर लोंबत होती. टोकाला काही नाही.

आधी मला वास आला.

तापलेल्या तेलाचा. घरच्यासारखा, कढईतून नुकताच वर आलेला. मला वाटलं, खालून येत असेल.

मग नळांतली खडखड थांबली. ती दिवसभर चालायची, तिची आम्हाला इतकी सवय होती की ती आहे हेच विसरायला व्हायचं. ती थांबली. रस्त्यावरच्या ट्रॉलीबसचा आवाज थांबला. मी खिडकीतून पाहिलं. बस जात होती.

आवाज नव्हता.

आणि मग...

टक.

काचेवर. पण बाहेरून नाही. आतून.

मी मान वळवली. स्क्रीनवर पट्टी होती. घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

पट्टी एकसष्टवर होती. मी काढून टाकलेला आकडा तिच्यावर परत आला होता.

मी उठून मागे जाऊन पाहिलं. वायर तशीच लोंबत होती. मी ती हातात धरून ठेवली. दुसऱ्या हातानं तिचं टोक चाचपलं.

टक.

बासष्ट.

वाचणाऱ्यांपैकी कुणी माझ्या धंद्यातले असतील, त्यांना सांगते. तो प्रोग्राम मधून सुरू होऊ शकतच नव्हता. आणि ती पट्टी उडी मारू शकतच नव्हती. ती सरकायची, कारण मी तिला सरकायला लावलं होतं. ही सरकत नव्हती. ही थांबायची. मेल्यासारखी पडून राहायची. चार मिनिटं... पाच मिनिटं... मग टक. आणि एक पाऊल पुढे.

खाली माझं वाक्य यायची जागा होती. ती रिकामी होती.

मी ओरडले नाही. धावलेही नाही. लोक मला नेहमी हेच विचारतात, पळून का नाही गेलात? मी खुर्ची ओढून समोर बसले. कारण बात्मा बसली होती.

बारा वाजले. जेवायला गेलेलं कुणी वर आलं नाही. साडेबारा. एक. जिना तिथेच, दरवाजा उघडा, आणि कुणी नाही. नंतर त्यांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही तर पंधरा मिनिटांत आलो. तू वळून बघितलं नाहीस."

टेबलावर फोन होता. त्यातून काहीतरी येतंय असं वाटत होतं. आवाज नव्हे. रिसीव्हरच्या पलीकडे कुणीतरी श्वास धरून बसलं आहे, तसं काहीतरी. उचलला असता तर कळलं असतं.

पट्टी हलत होती. मी उचलला नाही.

एक पंचवीस. चौऱ्याऐंशी टक्के.

दोन. शहाण्णव.

टक. सत्त्याण्णव. टक... अठ्ठ्याण्णव.

दोन वाजून दहा मिनिटांनी नव्याण्णव झाले.

आणि ती थांबली.

मी तीन वाजेपर्यंत वाट पाहिली. मग नळ पुन्हा खडखडायला लागले, आणि मागून शार्शेन बाइकेंचा आवाज आला.

"बुरुल, खोकं तयार आहे ना? त्या स्क्रीनवर काय बघतेस मघापासून?"

मी बाजूला झाले. त्यांनी पट्टी पाहिली. मागे वाकून वायर पाहिली. फाइलची वेळ पाहिली. वीस फेब्रुवारी, दोन दहा. त्यांनी ती पुन्हा पाहिली.

"जुनं काहीतरी अडकलेलं असेल," ते म्हणाले.

"एकसष्टच्या पुढचं कधी इकडे आलंच नव्हतं, बाइके. आणि मूळ फिल्म अॅम्ब्युलन्सबरोबर बर्फात गेली."

"उघड."

मी चित्र उघडलं.

वरचा भाग मला पाठ होता. मान, खांदे, गळ्याची हाडं, चिमण्या बरगड्यांच्या पहिल्या जोड्या. त्याखाली जिथे महिनाभर काळं होतं, तिथे आता छाती होती. आणि सर्वांत खालच्या बरगड्यांवर, मुलीला बाजूनं कवटाळलेला, एक मोठ्या माणसाचा हात होता. डावा. पाचही बोटांची हाडं स्पष्ट. एका बोटावर रुंद पांढरा पट्टा.

अंगठी.

चित्राच्या तळाशी काळी चीर होती. राहिलेला एक टक्का.

शार्शेन बाइकेंनी टोपी काढली. दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मग हळूच म्हणाले, "हे कुणाला दाखवू नकोस."

"दाखवायचं नाही. समितीला पत्र लिहायचं आहे."

"तुला काढतील."

"काढू देत. आणि खोकं जाणार नाही."

मी ते खोकं मांडीवर घेऊन बसले. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. शार्शेन बाइकेंनी खिडकी उघडली आणि त्याला हातानं जायला सांगितलं. मग माझ्यासमोर कोरा कागद ठेवला.

"दोन सह्यांची जागा सोड," ते म्हणाले. "माणसाला बसवून ठेव असं मीच सांगितलं होतं."

बात्मानं वेळ घालवला, हे वाक्य समितीनं कागदातून काढलं. आम्हा दोघांना त्या जागेवरून हलवलं, पण काम बंद पडलं नाही. दुसऱ्या विभागात बसून मी पट्टी नव्यानं लिहिली. पलीकडे खरोखर जेवढं पोचलं तेवढीच भरणारी. खाली एकच ओळ : शेवटचं काही पोचून किती वेळ झाला. चार सेकंद. तीस सेकंद. तीन मिनिटं झाली की पट्टी लाल व्हायची आणि म्हणायची, काही पोचत नाही, रिसीव्हर उचलून ऐका.

लोकांना ती आवडली नाही. एका दवाखान्यातली बाई मला फोनवर म्हणाली, "तुमची पट्टी घाबरवते हो."

"घाबरा," मी म्हणाले. "घाबरलात तर गाडी वेळेत निघेल."

डॉक्टर ओमुरालींना मी ते चित्र छापून दाखवलं. कुठून आलं ते सांगितलं नाही. त्यांनी ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"सव्वाबाराला निघाली असती तर वाचली असती," ते म्हणाले. "उन्हाळ्यात खेळली असती." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि त्यांना सांगा, फोटो काढताना आत हात घालू नये म्हणून."

मलाही तसंच वाटलं होतं. मुलगी हलू नये म्हणून बात्मानं धरलं असेल.

त्या उन्हाळ्यात जिपार शहरात आली. मला शोधत आली. फडक्यात बांधलेली भाकरी टेबलावर ठेवून, उभ्यानंच म्हणाली, "मी त्या घरी जाऊन माफी मागितली. पोरांना जवळ घेतलं. ते तुम्हाला कळावं म्हणून आले."

मी तिला चहा दिला. आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "एक्स-रे काढताना बेगिमायला कुणी धरलं होतं का?"

"नाही. हवेसाठी नुसती धडपडत होती, पण काढताना एकटीच बसली. बात्मा भिंतीमागे होती, बटण दाबायला. मी दारात." तिनं कप खाली ठेवला. "धरलं होतं ते नंतर. दरडीतून काढलं तेव्हा. बात्मानं तिला अशी कवटाळली होती... डाव्या हातानं, बरगड्यांशी. बोटं सोडवायला तिघं लागले म्हणाले."

मी तिला चित्र दाखवलं नाही.

ते कुठे काढलं गेलं, कशानं काढलं गेलं, कोणत्या तारेवरून आलं... मी सगळं तपासलं. सत्तावीस वर्षं तपासते आहे.

तो कॉम्प्युटर ऑफिसनं मोडीत काढला तेव्हा मी घरी आणला. सामानाच्या खोलीत आहे. कशालाही जोडलेला नाही. दर शुक्रवारी मी कढईत थोडं तेल तापवते. माझी मुलगी म्हणते, "आई, आता तुम्हीसुद्धा?" मी म्हणते, वासापुरतं.

आणि वर्षातून एकदा, वीस फेब्रुवारीला, दुपारी तो कॉम्प्युटर लावते आणि चित्र उघडते.

तळाशी जी काळी चीर होती ना, ती तेवढी राहिलेली नाही. दर वर्षी एखाद-दुसरी ओळ भरलेली असते. बारीक, केसाएवढी. कधी दोन. मी नसताना येतात. ओळीओळीनं खाली अजून काहीतरी दिसायला लागलं आहे. आधी मला वाटलं, मुलीच्याच पोटाकडचं हाड असेल.

गेल्या फेब्रुवारीला दिसलं. ते बोट आहे. दुसऱ्या कुणाचं तरी, खालून वर येणारं, मुलीच्या दुसऱ्या बाजूला. करंगळी.

कोयत्यासारखी वाकडी.

किती ओळी उरल्या आहेत ते स्क्रीनवर दिसतं. वर्षाला किती येतात तेही मी लिहून ठेवलं आहे. बाकी वेळ काढायला एक साधा भागाकार पुरतो. आयुष्यभर मी लोकांसाठी तोच भागाकार लिहीत आले.

तो मी केलेला नाही.